साखर, डोळे आणि आकड्यांचा भूगोल

मधुमेह असलेल्या शंभर माणसांपैकी किती जणांच्या डोळ्यांच्या पडद्यावर त्या मधुमेहाची खूण उमटलेली असते? प्रश्न साधा वाटतो. उत्तर मात्र तो प्रश्न तुम्ही कुठे विचारता, यावर ठरतं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत केलेल्या पाहणीत हे उत्तर १५च्या आसपास आलं. चेन्नई शहरात १८. केरळातल्या पलक्कड जिल्ह्यात २६-२७. सिंगापूरमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांत ३०. आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश इथून गेलेल्या मंडळींत, तब्बल ४२.

आजार एक, माणसांचं मूळही बरंचसं एक, मग आकड्यांत एवढी तफावत का? नेत्रतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला अनेक वर्षं छळत आला आहे. आपल्याकडचा आकडा कमी आहे म्हणून आपण सुटलो, असं समजायचं का? की या कमी आकड्यातच काही इशारा दडलेला आहे? याचं उत्तर शोधायला गेलं, की दीडशे वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो. तो थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न.

आधी आजाराविषयी दोन शब्द. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. कॅमेऱ्यात पूर्वी जे काम फिल्म करायची, ते डोळ्यात हा पडदा करतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी बारीक असतात. रक्तात साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली, की या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. त्यांना सुईच्या टोकाएवढे फुगे येतात, त्यांतून रक्त आणि पाणी झिरपतं, काही वाहिन्या बंद पडतात. मग उपाशी राहिलेला पडदा नव्या वाहिन्या उगवून घेतो. पण त्या इतक्या नाजूक असतात, की एखाद्या दिवशी फुटतात आणि डोळ्यात रक्तस्राव होतो. यालाच डायबेटिक रेटिनोपथी म्हणतात. यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की बहुतेक काळ काहीही दुखत नाही, खुपत नाही आणि नजरही चांगली असते. वर्तमानपत्र व्यवस्थित वाचता येणाऱ्या माणसाचा पडदा आतून पोखरलेला असू शकतो.

मधुमेह आपल्याला नवा नाही. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत मधुमेहाचं वर्णन आहे. लघवीला येणारी गोडी आपल्या वैद्यांनी फार पूर्वी टिपली होती. पण जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत डोकावून पाहण्याची सोय जगात कुणाकडेच नव्हती. ती १८५१मध्ये झाली. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत प्रकाश टाकून पडदा पाहण्याचं उपकरण, म्हणजे ऑफ्थॅल्मोस्कोप, जगापुढे मांडलं. पुढच्या चार-पाच वर्षांतच व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर याने एका मधुमेही रुग्णाच्या पडद्यावरचे डाग पाहिले आणि त्यांचं चित्र काढून ठेवलं.

गंमत अशी, की लोकांना ते पटलं नाही. हे डाग रक्तदाबाचे असतील, मूत्रपिंडाच्या विकाराचे असतील, उतारवयाचे असतील, अशा शंका काढल्या गेल्या. बर्लिनच्या युलियस हिर्शबर्ग याने १८९०मध्ये मधुमेहाचा म्हणून पडद्याचा वेगळा विकार असतो, असं ठामपणे मांडलं, तरी वाद विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेंगाळला.

तो रेंगाळण्याचं एक कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. त्या काळी हा विकार पाहायला मिळणं कठीण होतं, कारण तो व्हायच्या आधीच माणसं मरत होती. विशेषतः लहान वयात मधुमेह झालेली मुलं वर्ष-दोन वर्षांत जात. जानेवारी १९२२मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं आणि चित्र पालटलं. माणसं जगू लागली. वीस-वीस, तीस-तीस वर्षं जगू लागली. आणि मग त्यांचे डोळे जाऊ लागले! इन्शुलिनने आयुष्य दिलं आणि त्या लांबलेल्या आयुष्याबरोबर हा विकार समोर आला.

आकड्यांच्या भूगोलातला पहिला धडा इथेच मिळतो. डोळ्याचा हा विकार व्हायला मधुमेह घेऊन बराच काळ जगावं लागतं. ज्या प्रदेशात मधुमेही माणूस लवकर दगावतो, तिथे हा विकार कमी सापडतो. तेव्हा कमी आकडा नेहमीच चांगली बातमी असते असं नाही.

पुढची गोष्ट अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातली आहे. तिथल्या वाळवंटात हिला नदीच्या काठी पिमा नावाचे मूळ रहिवासी शतकानुशतकं कालवे काढून शेती करत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी नदीचं पाणी वळवलं. पिमांची शेती सुकली, उपासमार झाली, आणि नंतर त्यांच्या ताटात आलं ते सरकारी धान्य: मैदा, साखर, चरबी. १९३७मध्ये बोस्टनचे मधुमेहतज्ज्ञ एलियट जोसलिन या भागात पाहणीला गेले होते. तिथल्या मूळ रहिवाशांत मधुमेह इतरांपेक्षा वेगळ्या प्रमाणात नाही, असं त्यांना दिसलं. पण १९६५मध्ये अमेरिकी सरकारच्या संशोधकांनी पिमांचा दीर्घकाळचा अभ्यास सुरू केला, तेव्हा पस्तिशी ओलांडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना मधुमेह असल्याचं आढळलं. लोक तेच आणि रक्तही तेच होतं. मधल्या काळात बदललं होतं ते त्यांचं जगणं.

या पिमांनी साऱ्या जगाला एक गोष्ट दिली, आणि ती फारशी कुणाला माहीत नाही. मधुमेह म्हणजे नेमकी किती साखर, यावर तेव्हा एकमत नव्हतं. एका देशात मधुमेही ठरलेला माणूस दुसऱ्या देशात निरोगी ठरू शकत होता. मग रेषा ओढायची कुठे? पिमांच्या अभ्यासात दिसलं, की ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनी साखर ज्यांची दोनशेच्या खाली राहते, त्यांच्या पडद्यावर हा विकार जवळजवळ नसतो, आणि दोनशेच्या वर गेली की तो दिसू लागतो. १९७९-८० साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी आणि जागतिक आरोग्य संघटनेने दोन तासांनंतरच्या चाचणीसाठी दोनशेची रेषा ठरवली. पुढे १९९७मध्ये उपाशीपोटीच्या साखरेची मर्यादा १४० वरून १२६ वर आणली गेली, तेव्हाही पिमा, इजिप्त आणि अमेरिकेतल्या पाहण्यांतल्या डोळ्यांच्या नोंदीच आधाराला घेतल्या होत्या. आज तुमच्या-माझ्या रक्ताच्या रिपोर्टवर जो आकडा लाल शाईत येतो, त्याची हद्द डोळ्याच्या पडद्याने आखून दिलेली आहे.

व्याख्या एक झाली, आता मोजणी एका पद्धतीने व्हायला हवी होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९७०च्या दशकात तसा एक मोठा प्रयत्न केला. लंडन, टोकियो, हाँगकाँग, हवाना, वॉर्सा, अ‍ॅरिझोना, आपली दिल्ली अशा चौदा केंद्रांत ३५ ते ५४ वयाच्या मधुमेहींची एकाच ठरलेल्या पद्धतीने तपासणी झाली. तरीही केंद्राकेंद्रांत मोठा फरक निघाला. म्हणजे फरक खरा होता, केवळ मोजणाऱ्याच्या लहरीचा नव्हता. पण हे रुग्ण दवाखान्यात येणारे होते. दवाखान्यात कोण येतं आणि कोण येत नाही, हे तर प्रत्येक देशात निराळं.

ही त्रुटी दूर करण्याचं काम अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यात झालं. रोनाल्ड आणि बार्बरा क्लाइन या दांपत्याने तिथले ११ जिल्हे निवडले. त्या भागातल्या ४५७ डॉक्टरांपैकी ४५२ जणांनी आपल्या मधुमेही रुग्णांच्या याद्या दिल्या. दहा हजारांहून अधिक नावं निघाली. त्यांतून निवडलेल्या माणसांची तपासणी १९८० ते १९८२ या काळात झाली, आणि त्यासाठी संशोधक गाडी घेऊन गावोगाव गेले. प्रत्येक डोळ्याच्या पडद्याचे सात ठिकाणचे फोटो घेतले आणि ते रुग्णाला न पाहिलेल्या माणसांनी तपासले. निष्कर्ष धक्कादायक होता. तरुणपणी मधुमेह झालेल्यांना वीस वर्षं उलटली, की जवळजवळ सगळ्यांच्या पडद्यावर खुणा होत्या. उतारवयात मधुमेह झालेल्या आणि इन्शुलिन न घेणाऱ्यांतही वीस वर्षांनंतर निम्म्याहून अधिक जणांना विकार होता.

इथून पुढे एक गोष्ट पक्की झाली. प्रदेशाचा आकडा ऐकला, की पहिला प्रश्न विचारायचा: या माणसांना मधुमेह होऊन किती वर्षं झाली? जगभरच्या ३५ पाहण्या एकत्र करून २०१२मध्ये प्रसिद्ध झालेला हिशोब असं सांगतो, की मधुमेहाला दहा वर्षं व्हायच्या आतल्या माणसांत हे प्रमाण शंभरात २१ असतं आणि वीस वर्षांच्या पुढे ७६ होतं. भूगोलातला पुष्कळसा फरक हा खरं म्हणजे काळाचा फरक असतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९७२ ते १९७५ या काळात देशात मधुमेहाची पहिली मोठी मोजणी केली. तिच्या केंद्रांत पुणंही होतं. शहरात शंभरात दोन आणि खेड्यात दीड, एवढाच मधुमेह तेव्हा सापडला. साहजिकच मधुमेहाने डोळे जाणं हा सार्वजनिक प्रश्न कुणाला वाटत नव्हता. १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो मुख्यतः मोतीबिंदूसाठी. ते चूक नव्हतं. त्या काळात देशातलं बहुतेक अंधत्व मोतीबिंदूचंच होतं आणि एका ऑपरेशनने ते जातही होतं. आम्ही तरुण डॉक्टर शाळांच्या वर्गांत, धर्मशाळांत, मंगल कार्यालयांत शिबिरं घ्यायचो. ‘पिकलेला डोळा’ काढायचा, पुढचा डोळा घ्यायचा, एवढंच डोक्यात असायचं.

पण हळूहळू एक वेगळा अनुभव येऊ लागला. मोतीबिंदू काढला, पट्टी सोडली, काच स्वच्छ, आणि तरी माणूस म्हणतो, “डॉक्टर, अजून धुरकटच दिसतंय.” आत पाहावं तर पडद्यावर रक्ताचे ठिपके. पुढचा पडदा बाजूला सारल्यावर मागचा खराब निघावा, तसं. एका शिबिरात मी अशाच एका पन्नाशीच्या बाईंना विचारलं, “मावशी, साखर कधीपासून आहे?” त्या म्हणाल्या, “कळली तवा आठ वरसं झाली. व्हती कवापास्नं, ते देवाला ठावं.”

मावशींनी जे सांगितलं ते शास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरतं. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या नोंदींवरून १९९२मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, की डोळ्यातला विकार मधुमेहाचं निदान होण्याच्या चार ते सात वर्षं आधीच सुरू झालेला असू शकतो. मधुमेहाचं वय आपण निदानापासून धरतो. आजार मात्र आपल्या कॅलेंडरप्रमाणे चालत नाही.

याचा आकड्यांवर कसा परिणाम होतो, त्याचं एक उदाहरण माझ्या फार आवडीचं आहे. ब्रिटनमध्ये १९७७ ते १९९१ या काळात नव्याने निदान झालेल्या हजारो मधुमेहींना एका मोठ्या अभ्यासात सामील करून घेतलं होतं. त्यांच्या डोळ्यांची सुरुवातीलाच तपासणी केली, तर पुरुषांत ३९ आणि स्त्रियांत ३५ टक्के लोकांच्या पडद्यावर निदान एक तरी खूण होती. चेन्नईत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नव्याने सापडलेल्या मधुमेहींत हेच प्रमाण होतं अवघं ५ टक्के. मग भारतीय डोळा सात पट चिवट आहे का? नाही. ब्रिटनमधली माणसं तहान, थकवा असा काही त्रास झाल्यावर डॉक्टरकडे गेली होती, म्हणजे उशिरा सापडली होती. चेन्नईत संशोधकच लोकांच्या वस्तीत गेले आणि त्यांचं रक्त तपासलं. काही त्रास नसलेली, आजार कोवळा असलेली माणसं त्यांना सापडली. भाजक बदलला, की उत्तर बदलतं. शाळेतल्या गणितासारखंच आहे हे.

भारतातल्या निरनिराळ्या आकड्यांचा उलगडाही पुष्कळसा असाच होतो. पलक्कडची पाहणी पन्नाशीपुढच्या आणि मधुमेह असल्याचं स्वतः सांगणाऱ्या लोकांची होती. वय जास्त, आजार जुना, म्हणून आकडा मोठा. चेन्नईच्या आकड्यात नव्याने सापडलेलेही धरले आहेत, म्हणून तो लहान. कुठे पडद्याचे चार फोटो काढले, कुठे एकच, कुठे डॉक्टरांनी नुसत्या नजरेने पाहिलं. जितकं बारकाईने पाहावं तितकं जास्त सापडतं. २०१५ ते २०१९ या काळात केंद्र सरकारने २१ जिल्ह्यांत पन्नाशीपुढच्या लोकांची पाहणी केली. तिच्यात मधुमेहींपैकी सुमारे १७ टक्के लोकांच्या पडद्यावर विकार आढळला.

तरीही एक शंका उरतेच. पाश्चात्त्य देशांत तिशी-पस्तिशीचे आकडे आणि आपल्याकडे पंधरा-अठरा, म्हणजे आपल्या रक्तात काही संरक्षण असेल का? काही काळ तसा विचारही झाला. पण त्याला उत्तर मिळालं ते परदेशी गेलेल्या आपल्याच माणसांकडून. ब्रिटनमधल्या ज्या पाहणीचा उल्लेख मी सुरुवातीला केला, तिच्यात गोऱ्या मधुमेहींत हे प्रमाण ३८ होतं, दक्षिण आशियाई लोकांत ४२ आणि आफ्रिकी-कॅरिबियन लोकांत तर ५२. सिंगापूरच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. भारतातून स्वतः स्थलांतर करून आलेल्यांपेक्षा तिथेच जन्मलेल्या पुढच्या पिढ्यांत मधुमेहही जास्त होता आणि मधुमेहींत डोळ्यांचा विकारही जास्त होता. रक्तात खरोखर संरक्षण असतं, तर ते विमानात बसताना उतरून राहिलं नसतं. घराण्याचा, आनुवंशिकतेचा काहीच वाटा नाही असं मी म्हणणार नाही. सारखीच साखर असलेल्या दोन माणसांचे डोळे सारखे निघत नाहीत, हे आम्ही रोज पाहतो. पण संपूर्ण समाजाच्या आकड्यामागे मुख्यतः आजाराचा काळ, साखरेवरचा ताबा, रक्तदाब आणि वेळेवर निदान हीच कारणं उभी दिसतात.

जगाचा नकाशाही हेच सांगतो. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक हिशोबात सरासरी २२च्या घरात आली. आफ्रिकेत सुमारे ३६, उत्तर अमेरिका आणि कॅरिबियन बेटांत ३३, दक्षिण आणि मध्य अमेरिकेत १३. आफ्रिका आणि उत्तर अमेरिका शेजारी-शेजारी! एकीकडे निदान उशिरा आणि औषधं अपुरी, दुसरीकडे मधुमेह जुना आणि मधुमेह घेऊन दीर्घकाळ जगणारी माणसं. दोन अगदी उलट वाटांनी जाऊन माणूस एकाच आकड्यापाशी पोहोचू शकतो. म्हणून नुसता आकडा पाहून एखाद्या प्रदेशाची कीव करू नये किंवा हेवाही करू नये.

आता आपल्या इथल्या शहर आणि खेड्याबद्दल. चेन्नईच्याच एका संस्थेने शहरात १८ टक्के मोजले आणि नंतर तीच पद्धत घेऊन खेड्यांत गेली, तेव्हा १० टक्के निघाले. खेड्यातला मधुमेह अजून नवा आहे, हे त्यामागचं मोठं कारण. म्हणजे खेडं सुटलेलं नाही, त्याची पाळी यायची आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. सर्वांत जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के, सर्वांत कमी उत्तर प्रदेशात, ४.८ टक्के. पण त्याच उत्तर प्रदेशात एका मधुमेह्यामागे जवळपास चार माणसं मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी आहेत. साखरेचा नकाशा आज रंगतो, आणि डोळ्यांचा नकाशा दहा-पंधरा वर्षांनी त्याच्यामागून येतो. हवामान खात्याला पावसाचा एवढा आधी अंदाज देता येत नाही. इथे तो आपल्या हातात आहे, आणि तो खोटा पाडण्याची संधीसुद्धा आहे.

ती संधी खरी आहे, हे सांगणारा इतिहास तितकाच रंजक आहे. ९ जुलै १९४५ रोजी युरोपात सूर्यग्रहण झालं. ते उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे पडदा भाजलेला एक वैद्यकीय विद्यार्थी जर्मनीत गेर्ड मायर-श्विकेराथ या तरुण डॉक्टरने तपासला. त्याच्या मनात आलं, की प्रकाशाने पडद्यावर डाग पडतो, तर तोच प्रकाश नेमका, मोजका वापरून उपचार का करू नये? आधी त्याने आरशांनी सूर्यप्रकाशच आत घेतला, मग विजेचे प्रखर दिवे वापरले. त्यातूनच पुढे लेसरचा उपचार आला. तो खरोखर उपयोगी आहे का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत सतराशेहून अधिक रुग्णांच्या एकाच डोळ्याला लेसर दिला आणि दुसरा तसाच ठेवला. १९७६मध्ये निष्कर्ष इतके स्पष्ट आले, की राखून ठेवलेल्या डोळ्यांनाही उपचार देणं भाग पडलं. नजर पूर्ण जाण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला होता. १९९३मध्ये आणखी एका अभ्यासाने दाखवलं, की लहान वयात मधुमेह झालेल्यांनी साखर काटेकोर ताब्यात ठेवली, तर पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो. आता तर डोळ्यात देण्याची इंजेक्शनंही आली आहेत.

उपचार सगळ्यांकडे आले. पण त्यांचा लाभ कुणाला झाला? आइसलँड या चिमुकल्या देशाने १९८०मध्येच मधुमेहींच्या डोळ्यांची नियमित तपासणी सुरू केली. तेव्हा तिथल्या मधुमेहींत अंधत्वाचं प्रमाण २.४ टक्के होतं, पंचवीस वर्षांत ते अर्ध्या टक्क्यावर आलं. इंग्लंडने २००३पासून प्रत्येक मधुमेह्याला वर्षातून एकदा पडद्याच्या फोटोसाठी बोलावणं धाडायला सुरुवात केली. २००९-१०च्या नोंदी तपासल्या, तेव्हा काम करण्याच्या वयातल्या माणसांच्या अंधत्वाचं पहिलं कारण म्हणून असलेली मधुमेहाची जागा गेली होती. पन्नास वर्षांत असं प्रथमच घडलं. ध्यानात घ्या, ब्रिटनमध्ये विकाराचं प्रमाण आपल्याहून जास्त आहे. विकाराचा नकाशा एक आणि अंधत्वाचा नकाशा दुसरा. पहिला नकाशा आपण कसे जगलो यावर ठरतो. दुसरा ठरतो तो वेळेवर कुणी आत डोकावून पाहिलं का, यावर.

आणि इथे आपली बाजू लंगडी आहे. केंद्र सरकारच्या त्याच २१ जिल्ह्यांच्या पाहणीत, मधुमेह असल्याचं ठाऊक असलेल्या दहापैकी नऊ माणसांनी पडद्याची तपासणी आयुष्यात एकदाही करून घेतलेली नव्हती. शिबिरांत मला नेहमी ऐकू येतं, “शुगर गोळीवर आहे, काही त्रास नाही, चष्म्याचा नंबर तेवढा काढून द्या.” चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे, हे सांगता सांगता दिवस जातो. दोष केवळ रुग्णांचा नाही. साखर तपासणारा डॉक्टर एका इमारतीत, डोळे तपासणारा दुसऱ्या गावात, आणि दोघांच्या मध्ये एस.टी.चं भाडं आणि बुडालेली मजुरी.

म्हणून शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. मोठेपणी होणारा, नेहमीचा मधुमेह असेल, तर निदान झालं त्याच वेळी पडदा तपासून घ्या. आजार त्याआधीच काही वर्षं आत असू शकतो, हे आपण पाहिलंच. लहान वयात इन्शुलिनवर गेलेल्यांनी पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी करावी. त्यानंतर साधारण वर्षातून एकदा, किंवा डॉक्टर सांगतील तसं. मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस राहिले, तर तपासणी लवकर आणि पुन्हा पुन्हा व्हायला हवी, कारण त्या काळात विकार झपाट्याने वाढू शकतो. तपासणीच्या वेळी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात. तीन-चार तास अंधुक दिसतं, तेव्हा स्कूटर घरी ठेवा आणि सोबत कुणाला तरी घेऊन जा. साखरेइतकंच रक्तदाबाकडे लक्ष द्या, तंबाखू सोडा. आणि डॉक्टरांना चष्म्याचा नंबर विचारण्याआधी एवढंच विचारा, “माझा पडदा पाहिलात का?”

शंभरात पंधरा की शंभरात बेचाळीस, हा हिशोब सरकारने आणि आम्हा डॉक्टरांनी करायचा. तो व्हायलाच हवा, त्याशिवाय कुठे किती लेसर, किती डॉक्टर लागतील हे कळणार नाही. पण प्रत्येकाला डोळे दोनच असतात. ते त्या पंधरांतले आहेत की उरलेल्या पंच्याऐंशींतले, हे घरबसल्या कळण्याचा कोणताही मार्ग नाही. त्यासाठी आत डोकावून पाहावं लागतं. हेल्महोल्ट्झने ती सोय करून दिल्याला आता पावणेदोनशे वर्षं होत आली.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)